हिर्डोशीचा नंबर गुंजवण्याला

भोरच्या एसटी स्टँडसमोर आमचं दुकान होतं. सासऱ्यांच्या काळात तिथं घड्याळं दुरुस्त व्हायची. मग लोक घड्याळ बिघडलं की नवंच घ्यायला लागले, तेव्हा आम्ही तिथं पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ टाकला. पुढं मोबाईल आले, बूथ ओस पडला, आणि त्याच काचेच्या खोक्यात बसून मी रिचार्ज मारायला लागले. यजमान टेम्पोवर असायचे, त्यामुळं दुकान माझ्याकडं. गिऱ्हाइकं मला भाभी म्हणायची, डोंगराकडची 'भाबी'. ही गोष्ट तेव्हाची, दोन हजारचं दशक संपत आलं होतं तेव्हाची.

एका दुपारी कंपनीचा माणूस मोटारसायकलवरून आला. गळ्यात टाय, बुटांना चिखल. मोबाईलमधून पैसे पाठवायची नवी योजना निघाली होती आणि भोर भागात तिला दुकानं हवी होती.

"रिचार्ज मारता तसंच आहे भाभी," तो म्हणाला. "पुण्यातून पोरानं पैसे भरले, की इथं आईच्या मोबाईलमध्ये जमा. पाहिजे तेव्हा ती तुमच्याकडून घेणार. मोबाईल हाच बटवा."

"आणि मोबाईल चोरीला गेला तर?"

"पिन आहे ना. चार आकड्यांचा. तो कुणालाच माहीत नसतो. शंभर टक्के सेफ."

पिन कुणालाच माहीत नसतो हे त्यानं कुठल्या गावात बघितलं होतं कुणास ठाऊक. आमच्याकडं पहिल्या बाजाराच्या दिवसापासूनच माणसं दारातून ओरडत यायला लागली. "भाबी, माझं पैसं काडा, पिन एक-दोन-तीन-चार!" कुणी मोबाईलच्या पाठीवर नखाला लावायच्या लाल रंगानं पिन लिहून आणला होता. कुणी मला सांगायचा, "तुमीच ध्यानात ठेवा, मला न्हाई ऱ्हात." एकानं तर घरातल्या सगळ्यांना एकच पिन ठेवला होता, भांडण नको म्हणून. मी सगळ्यांना समजावून सांगायची, की अहो, हा पिन म्हणजे कपाटाची किल्ली. ती माणसं माझ्याकडं अशी बघायची, की कपाट आहे कुणाकडं?

शेवटी वैतागून मी पुठ्ठ्यावर पाटी लिहिली: 'पिन मोठ्यानं सांगू नये. आम्हालाही सांगू नये.' ती लावली त्याच दिवशी आंबवड्याकडचे एक जण आले, पाटी अक्षर अक्षर लावून वाचली आणि मला विचारलं, "म्हंजी माझा एक-दोन-तीन-चार मोठ्यानं सांगायचा न्हाई, व्हय?" मागं उभी असलेली माणसं हसली, कारण त्यातल्या निम्म्यांचा तोच होता.

या सगळ्या गोंधळात एकच बाई अशी होती की जिला मला काही सांगावं लागलं नाही. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, वरंध घाटाच्या बाजूला तिची वाडी. मी तिला मावशी म्हणायची. नवरा नव्हता, मुलगी पुण्यात एका दवाखान्यात आया होती. मावशीला वाचता जेमतेम यायचं, पण आकडे पक्के होते. पैसे काढायचे असले की माझ्याकडं पाठ फिरवायची, मोबाईल पदराखाली घ्यायची आणि स्वतःच आकडे दाबायची. मी एकदा गमतीनं विचारलं, "मावशी, मला तरी सांगा की पिन."

"तुमालाबी न्हाई," ती म्हणाली. "पोरीला आन देवाला म्हाईत. देवाला मी न्हाई सांगितला, पर त्याला ठावं असंल."

मोबाईलवर पैसे घ्यायला तिनं होकार दिला त्याला कारण होतं. आधी मुलगी मनिऑर्डर करायची. पोस्टमन वाडीत यायचा तो चावडीपाशीच थांबायचा, तिला हाक मारायचा आणि सगळ्यांच्या देखत नोटा मोजून हातावर ठेवायचा. संध्याकाळच्या आत दोन्ही दिरांना काही ना काही नड निघायची. कधी बैल आजारी, कधी पाहुणे यायचे असायचे. ती देऊन टाकायची. "न्हाई म्हनायला तोंड उचलत न्हाई भाबी. पैसं हायत हे त्यांनी डोळ्यानं बगितल्यालं असतंय." मोबाईलमधले पैसे कुणाच्या डोळ्याला दिसत नव्हते. तिला ही योजना आवडली ती एवढ्यासाठीच.

पाऊस लागला की तिकडचा भाग वेगळाच होतो. घाटात दरड आली की एसटी अर्ध्या वाटेवर फिरते, लाईट जाते ती आठवडे आठवडे येत नाही आणि टॉवर नुसता उभा असतो. मावशीनं लावणीच्या आधी येऊन मला सांगितलं होतं, "आता मी कापनीनंतरच यीन. पोरगी पैसं टाकत ऱ्हाईल, ते साठू देत त्यात." मोबाईल तिनं बंद केला, प्लास्टिकच्या पिशवीत बांधला आणि भाताच्या कणगीत ठेवला. उंदीर-ओल काही लागू नये म्हणून. बँकेत ठेवल्यासारखी ती निर्धास्त होती. मुलगीही निर्धास्त, कारण ती पैसे पाठवायची तेव्हा दर वेळी तिच्या मोबाईलवर मेसेज यायचा, की पैसे पोचले.

पैसे पोचतही होते. प्रश्न एवढाच होता, की कुणाला.

कापणी, झोडणी उरकून मावशी खाली आली तेव्हा स्टँडवर थंडीचं ऊन पडलं होतं. पाठीवर पोतं, त्यात माझ्यासाठी नाचणी. त्या वर्षी माकडांनी तिच्या घरावर धुमाकूळ घातला होता. कौलं फोडून ठेवली होती, पाऊसभर ती घरात टोपली-घमेली मांडून बसली होती. साठलेल्या पैशातून कौलं घ्यायची आणि पुढच्या पावसाच्या आत घर शाकारायचं, असं तिचं ठरलं होतं. मी तिचा मोबाईल चार्जिंगला लावला. तो सुरू झाला, पण वर रेंजची एकही काडी येईना. सिम काढून पुसून घातलं, दुसऱ्या मोबाईलमध्ये घालून बघितलं. काही नाही. सिम मेलेलं होतं.

मी कंपनीच्या मदत नंबरला फोन लावला. आधी गाणं, मग मराठीसाठी दोन दाबा, मग पुन्हा गाणं, मग हिंदीत एक मुलगी. मी मावशीचा नंबर सांगितला.

"मॅडम, हा नंबर आपल्या ग्राहकाच्या नावावर नाही," ती म्हणाली. हिंदीतून मराठीत येता येता तिची दमछाक होत होती.

"अहो, माझ्याच दुकानातून घेतलाय. माझ्यासमोर बाई बसल्यात."

"खूप दिवस वापर नसल्यामुळं तो बंद झाला. आता तो दुसऱ्या ग्राहकाला दिलेला आहे."

"आणि त्यातले पैसे?"

"त्या नंबरच्या खात्यात आहेत."

"ते खातं कुणाचं?"

"ज्याचा नंबर आहे त्याचं."

"मग त्याचं नाव तरी सांगा."

"सुरक्षेच्या कारणास्तव ग्राहकाची माहिती देता येत नाही."

मी फोन खाली ठेवला आणि खरं सांगते, मला ओरडावंसं वाटलं. एका बाईचे पैसे उचलून परक्या माणसाला देताना ह्यांची सुरक्षा आडवी आली नाही, त्याचं नाव सांगताना आली. मावशी माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला कसं सांगायचं ते मला कळेना. जी माणसं पिन बाजारभर ओरडत होती त्यांचे पैसे जागच्या जागी होते, आणि जिनं तो देवालाही सांगितला नव्हता तिचेच गेले होते.

मी सांगितलं. तिनं मेलेलं सिम तळहातावर घेऊन उलटंपालटं केलं. मग म्हणाली, "म्हंजी माजा नंबर दुसऱ्याच्या घरात नांदतोय, आसंच ना?"

"हो."

"मग त्याला लावा की फोन. नंबर तर आपल्याला पाठ हाय."

इतकी सरळ गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी नंबर फिरवला. बराच वेळ वाजला. मग एक म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, मागं कोंबडी ओरडत होती.

"कोन बोलतंय?"

"मी भोरहून बोलते. मोबाईलचं दुकान आहे माझं. तुमच्या मोबाईलवर पैसे येतात ना..."

"पिन इचारू नगा," तो तोडून म्हणाला. "मी सांगनार न्हाई. दुकानदारानं बजावलंय."

मला हसू की रडू कळेना. "पिन नको मला बाबा. ते पैसे तुमचे नाहीत, एका बाईचे आहेत. तुम्ही कुठून बोलताय?"

"गुंजवण्यातनं. आन पैसं माझंच हायत. सरकारनं दिल्यात. धरनाचं."

तुटत तुटत, रेंज जात-येत जे कळलं ते असं. त्याचं जुनं घर आणि भाताची खाचरं धरणात गेली होती. मोबदल्यातलं काही अजून मिळायचं राहिलं होतं, त्यासाठी तो वर्षानुवर्षं चकरा मारत होता. गणपतीच्या सुमारास त्याच्या नातवानं त्याला नवं सिम आणून दिलं आणि तो नंबर त्यानं मोबदल्याच्या अर्जावर लिहवून घेतला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मोबाईलवर इंग्रजीत मेसेज आला. नसरापूरच्या एका दुकानदारानं तो वाचून सांगितलं, बाबा, तुमच्या खात्यावर पैसे आलेत. पिन माहीत नव्हता, म्हणून दुकानदारानं कंपनीला मेसेज टाकून नवा मागवला. कंपनीनं तो तत्परतेनं पाठवला. नंबर तर त्याचाच होता ना. त्या बिचाऱ्या दुकानदाराला तरी काय कळणार? मीही हेच केलं असतं.

"पण असे थोडे थोडे पैसे सरकार कशाला पाठवेल?" मी विचारलं.

"हप्त्यानं देत्यात आसं वाटलं. सरकार कवा एकदम देतंय का?"

मावशीनं माझ्या हातातून फोन घेतला. "अवो, मी हिर्डोशीकडची. पैसं माझ्या लेकीनं धाडल्यालं. ती पुन्यात रातपाळ्या करती."

पलीकडं त्यानं कोंबडीला हाकललं. मग तो हळूच म्हणाला, "म्हंजी धरनाचं आलंच न्हाईत?"

"ते मला ठावं न्हाई. पर ह्ये माझं हायत."

"बाई, म्या तर पत्रं घातलं घरावर," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

मुलगी दुसऱ्या दिवशी पुण्याहून आली. ती माझ्यावर चिडली. "भाभी, तुमच्या दुकानात खातं उघडलं. तुम्ही म्हणालात सेफ आहे." मी म्हणाले नव्हते, कंपनीचा माणूस म्हणाला होता. पण योजनेची पाटी माझ्या दुकानावर होती, म्हणून मी ऐकून घेतलं. आम्ही तिघी कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात गेलो. गार हवा, काचेचा दरवाजा, नंबराची चिठ्ठी घेऊन बसायचं. आमची पाळी आली तेव्हा टेबलामागच्या मुलानं सगळं ऐकून घेतलं, कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाला, "सिस्टीमप्रमाणे काही चुकलेलं नाही. पैसे बरोबर नंबरवर गेलेत. बरोबर पिन टाकून काढलेत."

"पण माणूस चुकीचा आहे," मुलगी म्हणाली.

"माणूस सिस्टीमला दिसत नाही, मॅडम. नंबर दिसतो."

"मग नंबर दुसऱ्याला देताना आधी खातं रिकामं का नाही केलं? आईला का नाही कळवलं?"

"कळवलं होतं. मेसेज गेला होता."

"कुठं?"

त्यानं पुन्हा कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "त्याच नंबरवर," तो म्हणाला, आणि निदान त्याला तरी लाज वाटल्याचं दिसलं.

सिम विभाग वेगळा, पैशाचा विभाग वेगळा. एकाचं दुसऱ्याला माहीत नाही. सिमवाल्यांनी नंबर पडून आहे म्हणून दुसऱ्याला दिला, पैसेवाल्यांना कुणी सांगितलंच नाही की मालक बदलला. हे शिकायला आमच्या भोरमधलं कुठलंही भाड्याचं घर पुरलं असतं. नवा भाडेकरू येण्याआधी जुन्याचं सामान बाहेर काढतात, एवढं आमच्या घरमालकालाही कळत होतं. शेवटी त्या मुलानं आम्हाला तक्रार लेखी द्यायला सांगितली, तीही इंग्रजीत. मुलीनं दवाखान्यातल्या एका सिस्टरकडून ती लिहून घेतली आणि दिली. एक तक्रार क्रमांक मिळाला. परत येताना एसटीत मावशी म्हणाली, "आता मलाबी एक नंबर दिला त्यांनी. ह्योबी कुनाला देत्याल?"

वाट बघण्यात अर्थ नव्हता. एका रविवारी यजमानांना भाडं नव्हतं, तेव्हा आम्ही टेम्पो काढला आणि कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी करत गुंजवण्याला गेलो. मावशी आणि मुलगी माझ्याबरोबर. मला भीती होती की म्हातारा दार लावून घेईल, नाहीतर गाव गोळा करेल. दुपारच्या उन्हात राजगडाच्या पायथ्याची घरं झोपल्यासारखी दिसत होती, आणि त्यात एका घरावरचे नवे पत्रे डोळ्यावर येत होते. कुणाला विचारायची गरज पडली नाही.

म्हातारा ओट्यावरच बसला होता. आम्हाला बघून उठला, आत हाक मारली, पाणी आणायला सांगितलं. सून चहा घेऊन आली. मग त्यानं कोपरीच्या खिशातून मोबाईल काढला आणि मुलीच्या हातात दिला. सगळे मेसेज त्यानं जपून ठेवले होते, एकही पुसला नव्हता. सरकारी कागद असल्यासारखे. मुलगी एकेक उघडून बघत गेली. प्रत्येकात पाठवणाऱ्याचा म्हणून तिचाच नंबर होता. गणपतीपासूनच्या तिच्या सगळ्या रात्रपाळ्या त्या मोबाईलमध्ये होत्या.

"मला वाचता येत असतं, तर पयल्याच दिशी कळलं असतं," तो म्हणाला.

"इंग्रजीत आहे आजोबा," मुलगी म्हणाली. "भाभींनाही नीट कळत नाही." ते खरं होतं. मराठीत मेसेज टाकला तर त्या काळच्या मोबाईलवर नुसते चौकोन दिसायचे.

म्हातारा आत गेला आणि पैशाची एक पुरचुंडी घेऊन आला. जे खर्चलं नव्हतं ते त्यात होतं. ते मावशीपुढं ठेवून म्हणाला, "राहिल्यालं पत्र्यात गेलं. उद्या पोराला सांगून पत्रं उतरवतो. तुमी घिऊन जावा."

मुलगी 'हो' म्हणणार होती, मला दिसत होतं. तिचा राग अजून गेला नव्हता आणि का जावा? रात्ररात्र जागून मिळवलेले पैसे होते ते. पण मावशीनं वर छपराकडं बघितलं आणि म्हणाली, "चढवल्यालं छप्पर उतरवू नये. आन त्यास्नी भोकं पडल्याली, माझ्या वाशांवर बसायची न्हाईत ती. मला कौलंच पायजेत."

बोलता बोलता तिची नजर घराच्या मागं गेली. तिथं पडवीला टेकवून मंगलोरी कौलांच्या चवडी लावल्या होत्या, नीट, एकाला एक लागून. वर शेवाळ वाळलेलं.

"ती कशाला ठिवलीत?"

"ती व्हय? जुन्या घराची," म्हातारा म्हणाला. "धरनात घर गेलं तवा कौलं तेवडी काडून आनली. ह्या घरावर घातली व्हती, पर हितलं वासं बारीक, बसंनात नीट, गळायचं. म्हनून पत्रं घातलं. टाकून द्यायला मन व्हईना."

मावशी उठली, मागं गेली. एक कौल उचललं, बोटानं टकटक केलं, कानाशी धरलं. दुसरं उचललं. मुलगी मला हळूच म्हणाली, "आई काय करतेय?" मावशी कौलं तपासत होती. चवडीतून चार-पाच बाजूला काढली, तडा गेलेली. मग ओट्यावर येऊन तिनं पैशाची पुरचुंडी कमरेला खोचली आणि म्हणाली, "ही मला द्या. पत्र्याचं फिटलं."

म्हातारा बराच वेळ कौलांकडंच बघत राहिला. मला वाटलं, नाही म्हणेल. पैसे दिले असते त्यानं, पण ही देणार नाही. त्याची सूनही दारात येऊन उभी राहिली.

"लई पाऊस खाल्लाय त्यांनी," शेवटी तो म्हणाला.

"आमच्याकडं आजून जास्त हाय," मावशी म्हणाली. "खात्याल."

मग त्यानं मान हलवली. आणि एकदम काहीतरी आठवल्यासारखं मोबाईलचं पाठचं झाकण काढून आतलं सिम तिच्यापुढं धरलं. "ह्यो तुमचा नंबर. ह्योबी घ्या."

मला ते बरं वाटलं. निदान एवढं तरी मूळ जागी येईल. पण मावशीनं हात मागं घेतला. "धरनाच्या हापिसात तुमी ह्योच नंबर दिलाय ना? उद्या तिथनं फोन आला तर माझ्या कनगीत वाजंल, तुमाला कळायचं न्हाई. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

कंपनीतल्या त्या सगळ्या विभागांना जे सुचलं नाही ते तिला चहा संपायच्या आत सुचलं होतं, आणि त्या क्षणी मला कंपनीचा असा राग आला की कप खाली ठेवताना बशी फुटता फुटता वाचली.

कौलं आणायला यजमान दोनदा गेले. दुसऱ्या खेपेला मीही गेले. टेम्पोत पेंढा घातला, वर कौलं उभी लावली, आणि मावशी त्यांच्यात बसून गुंजवण्याहून थेट वाडीपर्यंत आली, दोन्ही हात पसरून त्यांना धरून. भोरच्या पुढं रस्ता कसा होता ते काय सांगू? प्रत्येक खड्ड्याला ती मागून ओरडायची, "हळू वो दादा, हळू!" आणि आमचे हे पुढून ओरडायचे, "रस्ताच न्हाई तर हळू कुठनं चालवू!" मी दोघांच्या मधे. तरी फुटली ती थोडीच. उतरवून घ्यायला दिरांच्या घरातली माणसं आली, आणि कौलं कुठून आली म्हणून विचारल्यावर मावशीनं सांगितलं, "गुंजवण्याच्या पावन्यांनी दिली." त्यावर कुणाला पुढं काय मागावं ते सुचलं नाही.

मुलगी मात्र कंपनीच्या मागं लागून राहिली. "आजोबांनी दिलं ते त्यांच्या माणुसकीनं दिलं," ती मला म्हणाली. "कंपनीनं काय दिलं?" सुट्टीच्या दिवशी ती त्या गार ऑफिसात जाऊन बसायची. घर शाकारून झालं होतं, पुढच्या पावसाचे ढग यायला लागले होते, तेव्हा कुठं तिच्या मोबाईलवर इंग्रजीत मेसेज आला. 'आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे.' पैसा एकही आला नव्हता. ती मेसेज दाखवायला खास भोरला आली. तिनं तो मराठीत करून सांगितला आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की बाहेर एसटीची वाट बघणारी माणसं वळून बघायला लागली. त्यानंतर ती माझ्यावर रागावलेली राहिली नाही.

कंपनीचा माणूसही त्याच सुमारास उगवला. "भाभी, तक्रार क्लोज झाली बरं का," त्यानं आनंदानं सांगितलं. मी योजनेची पाटी काढून त्याच्या हातात दिली, व्यवहारासाठी दुकानाला मिळालेलं सिमही दिलं.

"अहो, धोका कुठं नसतो?" तो म्हणाला. "पाकीट नाही का मारत?"

"पाकीट मारलं तर मारणारा चोर असतो," मी म्हणाले. "इथं चोर कोण ते सांगा. म्हातारा? नसरापूरचा दुकानदार? मावशी?"

"असं कुणीच नाही म्हणता येणार."

"तेच तर. सगळे सरळ वागले आणि तरी बाईचे पैसे गेले."

त्यानं पाटी मोटारसायकलला अडकवली. जाता जाता सांगितलं, की आता नवीन सिस्टीम येतेय, अंगठा लावायचा, पिनची भानगडच नाही. मी त्याला म्हणाले, लावणी झाल्यावर एकदा डोंगराकडं ये आणि बायकांचे अंगठे बघ, त्यावर रेघा शिल्लक असतात का. तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय.

मावशीला मी दुसरा नंबर घेऊन दिला, नुसता बोलण्यापुरता. पैसे मुलगी स्वतः येऊन द्यायला लागली. पण नंबर पुन्हा मरू नये म्हणून पावसाळ्यात अधूनमधून त्यावर काहीतरी टाकत राहावं लागायचं, मोबाईल कणगीत असला तरी. ते काम माझ्याकडं होतं. मावशीला त्याचा फार राग यायचा.

"दर म्हैन्याला पैसं भरून त्यास्नी सांगायचं, मी हाय म्हनून?" ती म्हणायची. "जित्या मानसानं?"

"हो मावशी."

"आन न्हाई सांगितलं तर?"

"तर तुम्ही नाही असं धरतात."

ती तोंडात पदर धरून काहीतरी म्हणायची, मला ऐकू येऊ नये असं. गुंजवण्याचा म्हातारा कधी कधी दुकानावर फोन करायचा. धरणाचं काही आलं का विचारलं तर 'न्हाई' म्हणायचा, आणि लगेच विचारायचा, "त्या बाईंचं घर गळत न्हाई ना?" मी सांगायची, नाही गळत. मग एसटीच्या भोंग्यात त्याचं पुढचं बोलणं बुडून जायचं आणि मी पुढच्या गिऱ्हाइकाचं रिचार्ज मारायला घ्यायची.